पेटी की कपाट? घरच्या डीप फ्रीझरची निवड

शेतकऱ्याच्या घरी माल येतो तो एकदम येतो, आणि खाणारी माणसे मात्र बाराही महिने जेवतात. पुरंदरच्या बाजूला वाटाणा सुरू झाला की चार दिवसांत पडवीत ढीग लागतो. सीताफळाने डोळे उघडले की दोन-तीन दिवसांत ते खाऊन तरी टाका, नाहीतर गुरांपुढे तरी टाका. कोकणात मे महिन्याच्या अखेरीस आंब्याचे तेच. भाव असला तर प्रश्नच नाही. भाव पडला की हमाली-तोलाई वजा जाता हातात काय उरते ते आपण जाणताच. आणि मग चार महिन्यांनी घरी पाहुणे आले म्हणून तोच वाटाणा गोठवलेल्या पाकिटातून आपणच तालुक्याच्या दुकानातून विकत आणतो!

म्हणूनच अलीकडे खेड्यातल्या घरांतूनही डीप फ्रीझरची चौकशी होऊ लागली आहे. दुकानात गेलात की दोन प्रकार समोर येतात. एक आडवा, लाकडी पेटीसारखा, झाकण वर उचलून उघडायचा. त्याला दुकानदार चेस्ट फ्रीझर म्हणतात. दुसरा उभा, गोदरेजच्या कपाटासारखा, पुढून दार असलेला. आपण सोयीसाठी पेटी आणि कपाट असेच म्हणू.

मत आधीच सांगून टाकलेले बरे. ज्या घराला हंगामाचा माल महिनोन्महिने ठेवायचा आहे आणि ज्या गावची वीज भरवशाची नाही, त्या घराने पेटी घ्यावी. पण याला एक अट आहे. ती पुढे येईल. ती पुरी होत नसेल तर पेटी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये.

गार हवा पाण्यासारखी वागते

गार हवा गरम हवेपेक्षा जड असते. हे एवढे एक लक्षात ठेवले की निम्मा प्रश्न सुटतो. पेटीचे झाकण वर उचलले तरी आतली गार हवा हौदातल्या पाण्यासारखी तळाशी बसून राहते. कपाटाचे दार उघडले की मात्र ती पाटाचे दार उघडावे तशी खालून पायांवर वाहून जाते. पायाला गारवा लागतो तो आपण पैसे मोजून केलेला गारवा असतो! तिच्या जागी वरून स्वयंपाकघरातली गरम, दमट हवा आत शिरते, ती थंड करायला यंत्राला पुन्हा राबावे लागते आणि तिच्यातल्या दमटपणाचे आत बर्फ साचते. कपाटात बंद खण असतील तर हे बरेच कमी होते. नुसत्या जाळीच्या फळ्या असतील तर जास्त.

दुसरे असे की झाकण आपल्या वजनाने पेटीवर बसते. कपाटाचे दार रबरी पट्टीच्या आधारावर बंद राहते. ती पट्टी कडक झाली, तिच्यात पिशवीचे टोक अडकले किंवा पोराने दार नीट लावले नाही, तर रात्रभर गारवा गळत राहतो आणि सकाळी खाली पाण्याचे थारोळे दिसते. म्हणून वीज जाण्याच्या बाबतीत सामान्यतः पेटी सरस ठरते.

अमेरिकेच्या शेती खात्याचा ठोकताळा असा आहे की, फ्रीझर पूर्ण भरलेला असेल आणि उघडला नाही, तर वीज गेल्यावर माल साधारण 48 तास टिकतो. अर्धा भरलेला असेल तर 24 तास. हा हिशेब आपल्याकडे जसाच्या तसा धरू नये. वैशाखात पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होते ते सांगायला नको. आपण त्याहून पुष्कळ कमीच धरावे. पण त्यातली एक गोष्ट इथेही तितकीच खरी: भरलेला फ्रीझर रिकाम्यापेक्षा जास्त वेळ थंड राहतो, कारण गोठलेला माल हाच गारव्याचा साठा असतो. माल संपत आला की रिकाम्या जागेत सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या पाऊण पाण्याने भरून ठेवाव्यात. त्यांचा बर्फ होतो आणि वीज गेल्यावर तोच कामाला येतो. काठोकाठ मात्र भरू नयेत. पाणी गोठताना फुगते आणि बाटली तडकते.

वीज कोणती, कशी, किती

घर गावठाणात असेल तर निदान वीज येण्या-जाण्याचा काही अंदाज असतो. मळ्यात वस्ती असेल तर आपले घर कोणत्या फीडरवर आहे ते आधी पाहावे. शेतीच्या फीडरवर पंपाच्या पाळ्यांप्रमाणे वीज येते, आणि मधल्या वेळात जी मिळते तिचा दाब कित्येकदा इतका कमी असतो की दिवा पिवळा पडतो. अशा विजेवर कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, नुसता घुमतो आणि तापतो. तो जळाला की खर्च मोठा. तेव्हा पेटी घ्या की कपाट, स्टॅबिलायझर घ्यावाच, आणि तोही वीज परत आल्यावर काही मिनिटे थांबून यंत्र सुरू करणारा. नुकत्याच बंद पडलेल्या कॉम्प्रेसरला आतला दाब सम व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात. वीज दहादा लपंडाव खेळते तिथे हा थांबा फार मोलाचा.

घरातल्या लहान इन्व्हर्टरवर फ्रीझर चालेल अशी आशा धरू नये. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू विजेच्या कित्येक पट ओढ घेतो. छपरावर सौर पॅनेल बसवले आहेत म्हणून निश्चिंत राहणारेही भेटतात. त्यांनी आपल्या बसवणाऱ्याला एक प्रश्न विचारावा: यात बॅटरी आहे काय? महावितरणच्या तारांना जोडलेले बिनबॅटरीचे सौर यंत्र वीज गेली की आपोआप बंद होते, मग डोक्यावर ऊन कितीही असो. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तशी योजना असते.

आता बिलाचे. त्याच मापाच्या, सारख्या जाडीच्या भिंतींच्या पेटीला आणि कपाटाला तुलनेत पाहिले तर पेटी सहसा कमी वीज खाते. आपोआप बर्फ वितळवणारे, म्हणजे फ्रॉस्ट फ्री, कपाट सर्वांत जास्त. कारण त्यात पंखा असतो आणि बर्फ वितळवायला मधूनमधून लहानसा हीटरही चालतो. यंत्रावर तारांकित लेबल असेल तर त्यावरचा वर्षाचा युनिटांचा आकडा वाचावा. नुसते तारे मोजून परत येऊ नये. समजा आकडा 400 आहे. म्हणजे महिन्याला सुमारे 33 युनिट. ऐकायला थोडे वाटतात. पण घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटांचा दर वेगळा आणि पुढच्यांचा एकदम चढा असतो. तुमचे घर आज 90 युनिटांत भागत असेल तर फ्रीझरच्या बहुतेक युनिटांना तो चढा दर लागेल. मागचे वर्षभराचे बिल समोर ठेवून हा हिशेब घरीच करावा. दुकानात तो कोणी करून देत नाही.

ती अट

पेटीत फळ्या नसतात. माल एकावर एक रचावा लागतो. उतरंडीतल्या सर्वांत खालच्या मडक्यात काय आहे ते पाहायचे तर वरची सगळी उतरवावी लागतात, तसेच इथे होते. आमरसाचे डबे तळाशी गेले आणि वर नारळाचा चव, वाटाणा, मासळी आली, की आमरस काढायला निम्मी पेटी रिकामी करावी लागते, आणि तीही वाकून, उणे 18 अंशांत हात घालून. मोठी पेटी कमरेएवढी किंवा त्याहून थोडी उंच असते. बुटक्या बाईला तळाचा कोपरा गाठायला टाचा उचलून, पोट कडेवर टेकवून ओणवे व्हावे लागते.

हे वाकायचे कोणाला? फ्रीझर विकत घ्यायला बहुधा घरातला कर्ता पुरुष जातो. तो लिटर विचारतो, किंमत विचारतो, हप्ता विचारतो. उघडायचा मात्र तो दिवसातून दोनदा घरातल्या बाईने. म्हणून अट अशी: ज्या माउलीला तो रोज हाताळायचा आहे तिला दुकानात बरोबर न्यावे आणि पेटीचे झाकण उघडून तळाच्या दूरच्या कोपऱ्यात हात लावायला सांगावे. दुकानदार हसला तर हसू दे. हात सहज पोचला तर पेटी घ्या. कंबर धरून उभे राहावे लागले, किंवा घरात हे काम सासूबाईच करणार असतील आणि त्यांचे गुडघे आजच कुरकुरत असतील, तर कपाट घ्या किंवा लहान मापाची पेटी घ्या. अवघडलेल्या बाईने तर भरल्या पेटीत वाकून ओझी उचलूच नयेत. हे यंत्र दहा-बारा वर्षे घरात राहील असे धरून चालावे. आजचे वय नव्हे, दहा वर्षांनंतरचे वय डोळ्यांपुढे ठेवावे.

पेटी घेतलीच तर तिच्यात शिस्त हवी. वरच्या टांगत्या टोपलीत रोजचे. खाली कापडी पिशव्या, एका रंगात एक जिन्नस, बंद मोठे घातलेल्या. म्हणजे बंद धरून पिशवी वर ओढता येते आणि हात गारठत नाहीत. झाकणावर एक कागद चिकटवून त्यावर काय, किती, कोणत्या महिन्यात ठेवले ते लिहावे आणि काढले की खोडावे. शाळेत जाणाऱ्या मुलीकडे हे काम द्या, ती आपल्यापेक्षा नीट करते. ही शिस्त जमणार नाही असे वाटत असेल तर कपाटाचा विचार करावा; त्यात सगळे डोळ्यांसमोर राहते, आणि जे दिसते ते वेळेत संपते. पेटीच्या तळाशी विसरलेली दोन वर्षांपूर्वीची मासळी ही काही बचत नव्हे.

जागेचाही विचार आलाच. मध्यम पेटीला हात-दोन हात लांबीची भिंत लागते आणि वर झाकण उघडायला मोकळी जागा. कपाट कोपऱ्यात बसते. पुष्कळ पेट्यांच्या बाहेरच्या भिंतीतच उष्णता टाकणाऱ्या नळ्या असतात. बाजू गरम लागल्या तर घाबरू नये, पण भिंतीपासून चार बोटे तरी अंतर ठेवावे आणि तिला चिकटून धान्याची पोती रचू नयेत. चुलीजवळ, उन्हाच्या खिडकीखाली, तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नये. विदर्भातल्या वाचकांनी यंत्रावरच्या पाटीवर हवामानाचा वर्ग जरूर पाहावा. तिथे टी हे अक्षर असेल तर ते यंत्र 43 अंशांपर्यंतच्या भोवतालासाठी केलेले असते. चंद्रपूर-नागपूरकडचा मे त्याही पुढे जातो, तेव्हा घरातली सर्वांत गार खोली त्याला द्यावी. तीन पिनांचा प्लग आणि खरेखुरे अर्थिंग हवेच. उंदीर वायर कुरतडतात, मागची बाजू अधूनमधून पाहावी.

माप आणि भरणा

मोठा घेतला की बरा, असे म्हणून 400-500 लिटरचा आणणारे आहेत. एका लिटरात ढोबळमानाने अर्धा किलो माल बसतो. म्हणजे 200 लिटरच्या पेटीत शंभर किलोच्या आसपास. आता आपल्या घराचे मोजा. वर्षाला सोललेला वाटाणा दहा-बारा किलो, (शेंगा त्याच्या दुपटीने लागतात), तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे चार-पाच किलो, आमरस पंधरा किलो, सीताफळाचा गर, नारळाचा चव थोडाथोडा. सहा माणसांच्या घराला 150 ते 200 लिटर पुरतात. अर्धा रिकामा फ्रीझर हवाच थंड करीत बसतो.

आणि घेण्यापूर्वी हेही विचारावे की, फ्रीझरची गरज आहे का? कुरडया, सांडगे, आमसुले, वाळवलेली मेथी, सुकट, बोंबील यांना वीज लागत नाही. जे ऊन फुकट टिकवते ते गोठवण्यात शहाणपण नाही. चार-पाच किलो वाटाणा तर फ्रिजच्या वरच्या खणातही मावतो.

फ्रीझर आणला म्हणजे एका रात्रीत पोतेभर वाटाणा गोठवता येईल, असेही नाही. फ्रीझर हा ठेवण्यासाठी केलेला असतो. गोठवण्याची त्याची ताकद बेताची. 200 लिटरच्या यंत्रात एका दिवसात सहा ते नऊ किलोंहून जास्त ताजा माल घालू नये. जास्त घातला तर तो सावकाश गोठतो, आत बर्फाचे मोठे खडे धरतात, दाणा फुटतो आणि शिजवताना पाणी सोडून मऊ पडतो. शिवाय शेजारचा गोठलेला मालही नरम होतो. म्हणून तोडणी तशीच बेताबेताने करावी.

वाटाणा उकळत्या पाण्यात दीड मिनिट घालून लगेच गार पाण्यात काढावा, निथळून कापडावर कोरडा करावा आणि चपट्या पिशव्यांत हवा काढून भरावा. दीड मिनिटाचा हा सोपस्कार टाळू नये. दाण्यातले पाचक रस थंडीत मंदावतात, मरत नाहीत. उकळत्या पाण्याने ते मरतात, नाहीतर दोन-तीन महिन्यांत वाटाण्याला गवताचा वास येतो. आमरसाला उकळणे नको. हुरडा गोठवणारी घरे आहेत. खाता येतो, पण शेकोटीजवळची ती चव काही येत नाही.

दुकानात फसू नये म्हणून

काचेचे झाकण असलेली पेटी आइस्क्रीमच्या दुकानासाठी असते. गिऱ्हाइकाला माल दिसावा हा तिचा हेतू. काचेतून गारवा जास्त जातो, वीज गेल्यावर तर फारच. घरासाठी भरीव झाकणाचीच घ्यावी. दुकानदार त्याला हार्ड टॉप म्हणतात. काही पेट्यांत थंड करणे आणि गोठवणे अशी दोन्ही कामे एका बटनावर होतात. चालेल, पण ते बटन मुलांच्या हाताबाहेर असावे. आइस्क्रीमवाल्याने काढून टाकलेली जुनी पेटी स्वस्तात मिळते. तिची रबरी पट्टी आणि कॉम्प्रेसर दोन्ही बहुधा थकलेले असतात, आणि वाचलेले पैसे बिलातून जातात. पेटीच्या बाजूने आणखी एक मुद्दा असा की, आइस्क्रीम आणि दूधवाल्यांमुळे तालुक्याच्या गावीही पेटी मिळते आणि दुरुस्त करणारा मिस्त्रीही भेटतो. कपाट घेणाऱ्याने दुरुस्तीला कोण येणार हे आधी विचारून ठेवावे.

पेटीत बर्फ साचतो आणि तो आपणच काढावा लागतो. साधारण पाव इंच थर झाला की यंत्र बंद करून, माल गोधडीत गुंडाळून, बर्फ आपोआप वितळू द्यावा. तळाला पाणी सोडायचे बूच असते. वर्षातून दोनदा, वाटाण्याच्या आणि आंब्याच्या आधी, पेटी रिकामी असताना केले की पुरते. विळी, खुरपे, सुरी यांनी बर्फ खरवडू नये. भिंतीत वायूची नळी असते, ती फुटली की यंत्र कामातून गेले. आणि आजकालच्या पुष्कळ यंत्रांत जो वायू असतो तो पेट घेणारा असतो.

कोकणातल्या वाचकांसाठी

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून किनाऱ्यावरची घरे मे महिन्यात मासळी गोठवून ठेवू लागली आहेत. बांगडा, तारली असे तेलकट मासे दोन-तीन महिने चांगले राहतात, कमी तेलाचे सहा महिने. पण नेमकी याच दिवसांत आपल्याकडे वीज सर्वांत बेभरवशाची असते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडच्या कित्येक गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती. अशा वेळी पेटीही हरते आणि कपाटही हरते. पावसाळ्याच्या तोंडी सगळी मासळी फ्रीझरच्या भरवशावर ठेवू नये. निम्मी सुकवावीच.

वीज जाऊन आली आणि माल खावा की टाकावा असा प्रश्न पडला, तर हाताने पाहावे. आत अजून बर्फाचे कण लागत असतील तर पुन्हा गोठू द्यायला हरकत नाही, चव थोडी उतरेल इतकेच. मासळी, मटण, दूध, खवा पूर्ण सुटून कोमट झाले असेल तर मोह धरू नये, पुरून टाकावे. वास आला नाही म्हणजे चांगले आहे, असे नव्हे.

आषाढीच्या वारीला घर बंद करून जाणाऱ्यांना एक युक्ती उपयोगी पडेल. वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर रुपयाचे नाणे ठेवावे आणि वाटी फ्रीझरमध्ये वरच ठेवून जावे. परत आल्यावर नाणे वरच असेल तर चिंता नाही. नाणे तळाशी जाऊन त्यावर बर्फ धरलेला दिसला तर मधे वीज बराच काळ गेली होती आणि माल सुटून पुन्हा गोठला, असे समजावे.

पेटीला कुलूप असते. त्याची किल्ली उंचावर टांगावी. यंत्र कायमचे बंद पडून मागच्या पडवीत टाकून द्यायची वेळ आली तर त्याच दिवशी झाकण बिजागऱ्यांसकट काढून वेगळे करावे. लपंडाव खेळताना मुले अशा पेटीत शिरतात, वरून झाकण पडते, आत हवा जात नाही आणि हाक बाहेर ऐकू येत नाही.